रोमन काव्याचे नवे पंडित कवी

1919 साली शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकात एज्रा पाउंडने रोमन कवी प्रॉपर्शियसवर बेतलेल्या आपल्या दीर्घ कवितेचे काही भाग छापले, आणि लॅटिनचे प्राध्यापक विल्यम गार्डनर हेल त्याच्यावर तुटून पडले. पाउंडला धड लॅटिन येत नाही, शब्दांचे अर्थ तो मनाला येईल तसे लावतो, असे सांगत त्यांनी एकेक चूक चव्हाट्यावर मांडली. पाउंडचा बचाव एवढाच, की मी भाषांतर केलेलेच नाही. हेल हे कोणी किरकोळ गृहस्थ नव्हते. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सूचीतल्या चुकीमुळे दडून राहिलेली रोमन कवी कॅटलसची पोथी 1896 मध्ये त्यांनीच शोधून काढली होती. कॅटलसची आजची संहिता ज्या तीन मुख्य पोथ्यांवर उभी आहे, त्यांतली ती एक.

त्या भांडणानंतर जणू वाटणीच झाली. संहिता आणि पाठभेद पंडितांकडे, कविता कवींकडे. 1964 मध्ये जे. पी. सलिव्हन या लॅटिनच्याच अभ्यासकाने पाउंडची बाजू घेणारे पुस्तक लिहिले, तरी वाटणी कायम राहिली. ती मोडली गेल्या पंचवीसएक वर्षांत. आज इंग्रजीत व्हर्जिल-ओव्हिड आणणारे बरेच जण विद्यापीठांत लॅटिन शिकवणारे, भाष्ये लिहिणारे लोक आहेत. आपल्याकडच्या शब्दात सांगायचे तर हे पंडित कवी. पंडित कवींचे गुण त्यांच्यात आहेत, आणि दोषही.

आधी पांडित्याविषयी. रोमन काव्य किती बारीक धाग्यावर लोंबकळत आपल्यापर्यंत आले आहे, याची कल्पना सहसा नसते. जवळजवळ सगळा कॅटलस 1300च्या सुमारास व्हेरोनात प्रकटलेल्या एका पोथीमुळे वाचला, आणि ती पोथीही पुढे हरवली. उरल्या त्या तिच्यावरून झालेल्या नकला, चुकांनी भरलेल्या. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांपुढे नेमका उलटा पेच होता: महाभारताच्या पोथ्यांचा डोंगर, आणि प्रत्येक प्रांताची वेगळी परंपरा. सुकथनकर बर्लिनमध्ये शिकलेले, युरोपातली पाठचिकित्सा कोळून प्यायलेले. तरी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला लिहिलेल्या 1933च्या प्रस्तावनेत त्यांनी बजावले, की ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे नियम इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. कॅटलसच्या संपादकाला पोथ्या तोलण्याचे सुख नाही. त्याला तर्कच लढवावा लागतो.

हा तर्क ए. ई. हाउसमनने कळसाला नेला. स्वतः लोकप्रिय कवी असलेल्या या माणसाने 1903 ते 1930 एवढा काळ मॅनिलियस या ज्योतिषावर पद्य रचणाऱ्या कवीच्या पाच खंडांत घातला. ज्या कवीवर आपले फारसे प्रेम नाही त्याच्यावर एवढी तपश्चर्या करणे हा पंडिती हट्टाचा नमुना. तेवढाच चिवट नमुना म्हणजे लॅटिनचा महाकोश. 1894 मध्ये सुरू झालेले हे काम म्युनिकमध्ये अजून चालू आहे आणि वर्णमालेच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचलेले नाही. एखाद्या शब्दाचा इतिहास पाहायचा तर या कोशाला पर्याय नाही, आणि भाषांतर करणाऱ्यांपैकी फार थोडे तो उघडत असावेत अशी मला शंका आहे.

कधीकधी मात्र जमीनच नवी कविता देते. 1978 मध्ये इजिप्तच्या दक्षिण टोकाला, नाईलकाठच्या कस्र इब्रीम या किल्ल्यातल्या उत्खननात पपायरसचा एक तुकडा निघाला. वर लॅटिन ओळी, आणि त्यांत लिकोरिस हे नाव. लिकोरिस ही कॉर्नेलियस गॅलसची काव्यनायिका. गॅलस म्हणजे व्हर्जिलचा मित्र, रोमन एलिजी-छंदातल्या प्रेमकाव्याचा आद्य पुरुष, इजिप्तचा पहिला रोमन सुभेदार. सम्राटाची मर्जी खप्पा झाल्यावर त्याने आत्महत्या केली. हा तुकडा निघेपर्यंत त्याची अवघी एक ओळ शिल्लक होती. पुढच्याच वर्षी अँडरसन, पार्सन्स आणि निस्बेट यांनी तुकडा प्रसिद्ध केला, तेव्हा नऊएक ओळी हाती आल्या, त्याही तुटक. मग काहींना त्या सुमार वाटल्या. एकाने तर हा तुकडा बनावट असल्याचे प्रतिपादन केले. ते फारसे कोणी मानले नाही. दोन हजार वर्षे ज्याचे नुसते नाव ऐकले, त्याची कविता समोर आल्यावर थोडी निराशा होणारच. त्या पंडितांविषयी मला यामुळे जिव्हाळाच वाटला.

अर्थनिर्णयात सर्वांत मोठी उलथापालथ व्हर्जिलबाबत झाली. ‘एनिड’ म्हणजे ऑगस्टसच्या साम्राज्याचे स्तुतिस्तोत्र, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. 1963 मध्ये अ‍ॅडम पॅरी यांनी एका छोट्या निबंधात मांडले, की या काव्यात दोन आवाज आहेत: एक विजयाचा, दुसरा त्या विजयात चिरडले गेलेल्यांच्या शोकाचा. दोन वर्षांनी मायकेल पुटनम यांच्या पुस्तकाने त्याला बळ दिले. काव्याचा शेवट आठवा: शरण आलेल्या शत्रूला, टर्नसला, नायक एनियास संतापाच्या भरात ठार करतो आणि काव्य तिथेच थांबते. विजयोत्सव नाही, राज्याभिषेक नाही. हे वाचन पुढे इतके रुळले, की आता त्याचीच पोथीनिष्ठा झाली आहे. शोकाचा सूर न लावणारा अभ्यासक अडाणी ठरतो.

आता भाषांतरांकडे वळू. 2006 ते 2020 या काळात ‘एनिड’ची किमान पाच संपूर्ण इंग्रजी भाषांतरे आली: फेगल्स, आल, सारा रूडन, डेव्हिड फेरी आणि शादी बार्श यांची. ड्रायडनने 1697 मध्ये मूळच्या जेमतेम 9,900 ओळी तेरा हजारांच्या वर नेल्या होत्या. रूडन आणि बार्श यांनी ओळीला ओळ ठेवायचा नेम धरला. लॅटिनला विभक्तिप्रत्यय पुरतात, इंग्रजीला शब्दयोगी अव्यये आणि उपपदे भरावी लागतात. म्हणून हा नेम अवघड, आणि दोघींनी तो पाळला हे कौतुकास्पद. पण ओळी मोजून भरण्याच्या नादात व्हर्जिलचा संथ, घोळणारा नाद आखडतो. यमक्या वामनाच्या वाचकांना हे दुखणे ओळखीचे वाटेल: युक्तीकडे लक्ष जाते, अर्थ मागे राहतो.

पंडितांनी खरी बाजी मारली ती प्रामाणिकपणात. पूर्वीची स्थिती पाहा. लोएब या द्विभाषी मालेत 1919 पासून निघालेल्या मार्शलच्या खंडांत अश्लील वाटलेल्या कविता चक्क इटालियनमध्ये छापल्या होत्या. 1961च्या फोर्डाइसच्या कॅटलसमधून 32 कविता गाळल्या होत्या. ओव्हिडचे झाले ते याहून वाईट. तिथे गाळले नाही, गोड केले. ‘मेटामॉर्फोसिस’च्या चौथ्या सर्गात सूर्यदेव आईचे रूप घेऊन ल्युकोथोईच्या खोलीत शिरतो, दासींना बाहेर घालवतो आणि खरे रूप दाखवतो. भीतीने तिच्या हातातली चाती गळून पडते. तिने तक्रार बाजूला ठेवून बळजबरी सोसली, असे ओव्हिड सांगतो. देवाच्या तेजाने ती दिपली, असेही म्हणतो, आणि याच आडोशाने कित्येकांनी तिला राजी करून टाकले. पण थोड्याच ओळींनंतर बाप तिला जिवंत पुरायला निघतो, तेव्हा सूर्याकडे हात पसरून ती सांगते, की माझ्या इच्छेविरुद्ध त्याने जबरदस्ती केली. निकाल कवीनेच दिला होता; तो वाचायला 2022 मध्ये स्टेफनी मॅकार्टर यांच्यासारखी अनुवादक यावी लागली. त्यांनी बलात्काराला बलात्कार म्हटले आणि स्त्रीदेहाच्या वर्णनात मुळात नसलेला लाडिकपणा काढून टाकला. त्यामागे अ‍ॅमी रिचलिन यांच्या 1992च्या निबंधापासून चाललेली स्त्रीवादी अभ्यासाची तीन दशके आहेत.

तरीही कवी टेड ह्यूजचा 1997चा ओव्हिड हातातून सुटत नाही. तो निवडक आहे, मनमानी आहे, हेल यांनी त्याचीही हजेरी घेतली असती. पण त्यातली हिंसा अंगावर येते; मॅकार्टर यांच्यात ती समजते. शेमस हीनींच्या मृत्यूनंतर 2016 मध्ये आलेला ‘एनिड’चा सहावा सर्गही तसाच: कवीने वडिलांच्या शोधात पाताळात उतरावे, तसा लिहिलेला. दोघेही लॅटिनच्या विद्यापीठी शिस्तीबाहेरचे, आणि त्यांच्या जागी आज कोणी दिसत नाही. विश्वासू भाषांतरांची एवढी सुबत्ता आणि कवींची एवढी टंचाई, ही आजची स्थिती आहे.

शिवाय सगळी गर्दी दोन-तीन दारांशीच. सिलियस इटालिकसचे ‘प्यूनिका’ हे हानिबलच्या युद्धावरचे, उपलब्ध प्राचीन लॅटिन काव्यांतले सर्वांत दीर्घ काव्य; त्याचे नवे इंग्रजी भाषांतर 2021 मध्ये आले, आणि अभ्यासकांबाहेर ते क्वचितच पोचले. लुकानसारखा जहरी, हुकूमशाहीवर दात खाणारा कवी तर आजच्या काळाला चपखल बसावा. त्याच्या वाट्याला ‘एनिड’च्या एक दशांशही हौस येत नाही. प्रकाशकांना खपाऊ नावे हवीत, हे समजते. पण ‘एनिड’च्या आणखी एका भाषांतराऐवजी एखाद्या चांगल्या कवीला लुकानला भिडवले, तर रोमन काव्याचे अधिक भले होईल.

मराठी वाचकाला हे काव्य बहुधा इंग्रजीतूनच भेटते, म्हणून त्याने एकाच भाषांतरावर भरवसा ठेवू नये. ओव्हिडसाठी मॅकार्टर घ्यावी, प्रस्तावना आणि टिपांसकट, आणि शेजारी ह्यूज ठेवावा. व्हर्जिलसाठी रूडन किंवा बार्श, आणि सहाव्या सर्गाला हीनी. अशी दोन-दोन पुस्तके मिळून किंमत थोडी जास्त पडेल, पण एकट्या पंडिताच्या किंवा एकट्या कवीच्या हाती रोम सोपवण्यापेक्षा ती परवडते.