आज्ञापत्रांतील झाडें कोणाचीं?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमार-प्रकरणाचा वृक्षांविषयींचा उतारा शिवछत्रपतींचें पत्र म्हणून सर्रास छापला जातो. ग्रंथ 1715 चा, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दींतला. महाराजांचें निर्याण 1680 चें. धोरण महाराजांचें असूं शकेल, शब्द अमात्यांचे.

याहून मोठी चूक अर्थाची. आंबा-फणसांचें लांकूड आरमारास उपयोगी असतांही त्या झाडांस हात लावूं नये, असें अमात्य कां सांगतात? झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाहीं, आणि रयतेनें तें लेंकराप्रमाणें वाढविलेलें असतें. जीर्ण झाड धन्यास राजी करून, मोल देऊन तोडण्यास मुभा आहेच. म्हणजे दुःख मोजलें तें रयतेचें. झाडाचें वा त्यावरील पांखरांचें नव्हे. गडाभोंवतालची झाडी राखावयाची तीही गडाच्या बचावासाठीं. येथें निसर्गाचा स्वतंत्र हक्क वाचणें म्हणजे पदरचें घालणें होय. तथापि पुढील पिढीचें नांव न घेतांही, आरमाराची निकड असतां राज्यानें आपला हात आंखडावा, हें आम्हांस थोडें वाटत नाहीं.

या आज्ञेचा अंमल कितपत झाला? पुण्याच्या पेशवे दप्तरांत किंवा संग्राहकांच्या खासगी रुमालांत झाडांच्या तंट्यांचे कागद असतील, तर ते प्रसिद्ध व्हावेत.