मनोहर माळगावकरांचे 'कान्होजी आंग्रे' : नायकत्व आणि सागरी सत्ता

प्रास्ताविक :
मनोहर माळगावकर यांचे कान्होजी आंग्रे यांच्यावरील इंग्रजी चरित्र १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. पु. ल. देशपांडे यांच्या अनुवादामुळे ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. तत्पूर्वी क्लेमेंट डाउनिंगच्या १७३७ च्या ग्रंथाने शीर्षकातच आंग्रे यांना 'चाचा' ठरविले होते. जॉन बिडल्फच्या 'द पायरेट्स ऑफ मलबार' (१९०७) या ग्रंथानेही तीच परंपरा चालविली. या प्रतिमेला माळगावकरांनी दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे. तथापि मूळ ग्रंथाचे उपशीर्षकच 'इंग्रजांशी झालेल्या लढाया' अधोरेखित करते. नायक बदलला, परंतु चरित्राची चौकट मुंबईच्या किल्ल्यातूनच आखली गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाबा यांवर मोहिमा केल्या. त्या सर्व फसल्या. कथनाला अशा घटना साहजिकच अनुकूल ठरतात. परंतु संघर्षाचे मूळ दस्तकात होते. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीने देत आले होते. तोच अधिकार कोकण किनाऱ्यावर कान्होजींनी बजावला. परवाना नसलेले जहाज पकडणे पोर्तुगीजांच्या बाबतीत राज्याधिकार आणि आंग्रे यांच्या बाबतीत चाचेगिरी कसे ठरते, हा खरा प्रश्न आहे.

विजयांचे श्रेय केवळ सेनापतीच्या शौर्याला देणेही अपुरे आहे. तोफा वाहणारी गुराबे आणि वल्ह्यांवर चालणारी हलकी गलबते यांची सांगड हे आरमाराचे बळ होते. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत, तर अवजड युरोपीय जहाज जागीच खिळून राही. या कौशल्यामागे कोळी, भंडारी खलाशांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सागरज्ञान उभे होते.

१७१३ मध्ये कान्होजींनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी करार करून ते छत्रपती शाहूंच्या पक्षात आले व त्यांचे सरखेलपद मान्य झाले. या करारामुळे किनारा राज्याला जोडला गेला. आरमार मात्र व्यवहारात घराण्याचेच राहिले. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाल्यावर पुत्रांत कलह माजला. अखेर १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांचे आरमार नष्ट झाले, तेव्हा इंग्रजांच्या बाजूस स्वतः पेशवे होते. या शोकांतिकेची कारणे वीरचरित्राच्या चौकटीत सापडत नाहीत.

निष्कर्ष :
'चाचा' आणि 'सागरवीर' ही दोन्ही विशेषणे सत्तेच्या प्रश्नाला बगल देतात. समुद्रापासून दूर असलेल्या यावलसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला हे चरित्र वीरकथा म्हणून सहज भावते. ते जरूर वाचावे. परंतु १७१४ चा करार आणि १७५६ चा विनाश एकत्र ठेवून वाचावे. तसे वाचल्यास एका पराक्रमी पुरुषाच्या कर्तृत्वाबरोबरच, त्या कर्तृत्वाचे राज्यसंस्थेत रूपांतर का झाले नाही, हेही ध्यानात येते.