‘अनुकूल’, ‘संजीवनी’ आणि ‘ताळेबंद’ : एका अनुदान-योजनेची परिभाषा

शासकीय योजनेचे परीक्षण बहुधा खर्ची पडलेल्या रकमेवरून केले जाते. परंतु गावाने आपला आराखडा आपणच करावा अशी जिची अपेक्षा आहे, त्या योजनेच्या भाषेचे परीक्षणही तितकेच अगत्याचे ठरते; कारण गावाला जो आराखडा तपासता येत नाही, तो गावाचा म्हणता येणार नाही.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हे याचे जवळचे उदाहरण होय. जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केलेल्या या प्रकल्पात १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे घेण्यात आली. सेलू तालुका ज्यात मोडतो तो परभणी जिल्हा त्यांपैकीच एक. सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम कृषी संजीवनी समितीने सूक्ष्म नियोजनात भाग घ्यावा आणि वैयक्तिक घटकांचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा व्हावे, अशी त्याची रचना होती.

प्रकल्पाच्या इंग्रजी नावातील ‘रेझिलियंट’ या शब्दाचा लॅटिन मूलार्थ ‘उसळून परत येणारा’ असा आहे. आघात होणारच, हे त्यात गृहीत आहे. त्यासाठी मराठीत ‘हवामान अनुकूल’ ही संज्ञा रूढ झाली. ‘अनुकूल’ म्हणजे मुळात काठाला धरून जाणारा. या अर्थाने संज्ञेचे समर्थन करता येईल. तथापि व्यवहारात ‘अनुकूल हवामान’ म्हणजे चांगले हवामान. तेव्हा ‘हवामान अनुकूल शेती’ म्हणजे हवामान चांगले असता करावयाची शेती, असे दुधनाकाठच्या शेतकऱ्याने मानल्यास दोष त्याचा नव्हे. संज्ञेतून आघात तेवढा गळाला आहे.

‘संजीवनी’ तर बाहेरून आणावी लागते. मूर्च्छित लक्ष्मणास तीत कर्तृत्व नाही. ‘लाभार्थी’ हा शब्द तीच भूमिका पुढे चालवितो. समितीत नियोजक म्हणून बसलेला मनुष्य कागदावर लाभाची इच्छा करणारा ठरतो. मग ‘पावसाचा खंड पडल्यास गावाने काय करावे’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणता घटक कोणास मिळेल’ एवढाच उरण्याचा संभव असतो.

नावाने पाणी येत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर याच प्रकल्पात आहे. गावातील पाण्याच्या हिशेबास येथे ‘पाण्याचा ताळेबंद’ म्हटले आहे. पाऊस ही जमा. वाहून गेलेले, बाष्प झालेले व पिकांनी घेतलेले पाणी हा खर्च. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या सेलूसारख्या बाजारपेठेच्या परिसरात या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. एवढेच नव्हे, तर एखादी नोंद चुकीची आहे असे म्हणण्याचा अधिकार तो ऐकणाऱ्यास देतो. ‘खंड’, ‘उघडीप’, ‘दुबार पेरणी’ हे शब्दही तसेच. आणि ‘वाफसा’ या एका शब्दात चिखलही नाही व कोरडही नाही अशी, मशागतीस योग्य असलेली जमिनीची नेमकी अवस्था सामावलेली आहे.

प्रकल्पाचा दुसरा टप्पाही मंजूर झालेला आहे. त्यातील प्रत्येक आराखडा मंजुरीपूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि ज्या शब्दापाशी श्रोते अडतील तो तेथेच बदलावा, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी तालुकावार शेती-हवामानाची शब्दसूची लागेल. ती सिद्ध करणे हे मात्र कृषिखात्याचे नव्हे, आपल्यासारख्या विभागांचे काम आहे. आणि ते अद्याप व्हावयाचे आहे.