तिखटाची जागा

सोलकढीचा पहिला घोट तिखट लागत नाही. लागला, तर कढी बिघडली आहे असं खुशाल समजावं. आधी थंडावा येतो. मग नारळाचा जाडसर गोडवा, त्याच्या पोटातून वर येणारा कोकमाचा आंबटपणा, नाकात चोरपावलांनी शिरलेला कच्च्या लसणीचा वास. घोट गिळून झाला, पेला खाली टेकला, की मग घशाच्या कडेला मिरची उगवते. ती आली म्हणून दुसरा घोट घ्यावासा वाटतो, आणि दुसऱ्या घोटाचा थंडावा तिला पुन्हा झाकून टाकतो. चार-पाच जिनसांचं पेय, त्याला चूल लागत नाही आणि दारूचा थेंबही नाही. तरी हा क्रम इतका पक्का आहे की तो पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी घासूनपुसून बसवला असणार. बंदिशीत सम जिथे यायची तिथेच यावी, तशी यातली मिरची.

म्हणून घरी तिखट पेय करू म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगेन, की मिरची किती घालायची हा प्रश्न नंतरचा. ती कशात घालायची आणि तिने कधी बोलायचं, हे आधी ठरवावं.

जिभेच्या हिशेबी तिखट ही चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला जाऊन चिकटतं, ती मुळात भाजल्याची वर्दी देणारी आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरचा चटका बसला की ती जागी होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती १९९७ साली शोधून काढली आणि २०२१ मध्ये अर्डेम पटापुटियन यांच्यासोबत त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वयंपाकघराच्या कामाच्या दोन गोष्टी यातून हाती लागतात. ही ग्राही गारठ्यात मंदावते, म्हणून गार पेयातलं तिखट घोट पोटात गेल्यावर, तोंड पुन्हा ऊबदार झालं की जाणवतं. दुसरी गोष्ट कॅप्सेसिनच्या स्वभावाची. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तेलातुपात विरघळतं आणि मद्यात विरघळतं.

बारमधल्या तिखट कॉकटेलची सारी गंमत या शेवटच्या शब्दांत आहे. तिथे मिरचीचा अर्क मद्य काढून घेतं आणि पेलाभर सारखा पसरवतं. मद्य वगळलं, बाकी कृती तीच ठेवली, की फसगत होते. लिंबाच्या सरबतात दोन मिरच्या चिरून ठेचायच्या, कडेला मीठ-तिखट लावलेल्या उंच ग्लासात ओतायचं, वर एक मिरची खोचायची: दिसायला झकास. पण पाणी तिखटाला धरून ठेवत नाही. जे काही त्यात तरंगत असतं ते जिभेला लागताच सोडून देतं. एक घोट नुसता आंबट, पुढचा एकदम जाळणारा, आणि तळाशी जे उरतं ते पाहुण्याला पाजू नये. मिरची तीच, लिंबू तेच; चुकला तो वाहक.

सोलकढीने हा वाहक नारळात शोधला. ओल्या नारळाचं दूध म्हणजे पाण्यात लटकलेले तेलाचे असंख्य बारीक थेंब. त्या थेंबांत मिरचीचा तिखटपणा जाऊन बसतो आणि तिथून हळूहळू सुटतो. म्हणून मिरची वाटायची ती खोबऱ्याबरोबरच. वेगळी ठेचून शेवटी घातली तर तिचे कण मोकळे राहतात आणि दाताखाली आलेला कण सगळा क्रम मोडून टाकतो. एका मध्यम नारळाच्या खवाला अर्धी हिरवी मिरची मला पुरते. मिरचीचा जहालपणा बियांत असतो हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. खरं तर तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गाभ्यात असतो. तिखट नको असेल तर बिया झटकून भागणार नाही, गाभा खरवडावा लागतो.

खव कोमट पाण्याबरोबर वाटायचा. गार पाण्यात खोबऱ्याचं तेल आखडून बसतं. २४ अंशांच्या आसपास ते गोठतंच. उकळतं पाणीही नको. वाटण फडक्यात घेऊन पिळलं की जाड रस निघतो, तो बाजूला काढायचा. चोथा पुन्हा थोड्या पाण्यात फिरवून दुसऱ्यांदा पिळायचा, तो पातळ रस. पाटा-वरवंट्याचे दिवस गेले त्याचं मला दुःख नाही, मिक्सर उत्तम काम करतो. मात्र पिळायला हातच हवा. गाळणीवर चमचा दाबून जे निघतं त्याने काम भागतं, पण त्यात जीव नसतो.

आता लसूण. पाककृतींत ती ‘दोन-तीन पाकळ्या’ एवढ्यावर उरकतात, आणि इथेच बहुतेक घरांतली सोलकढी एक पायरी खाली येते. अख्ख्या पाकळीला तो ओळखीचा उग्र वास नसतोच. पाकळी ठेचली की तिच्या पेशी फुटतात, एक विकर बाहेर पडतं आणि तिथल्या तिथे अ‍ॅलिसिन तयार होतं. हे विकर उष्णतेने मरतं आणि कडक आंबटपणात हातपाय गाळतं. म्हणजे आगळात अख्खी पाकळी टाकून मग ती फिरवली, तर वास अर्धाच. आधी खलबत्त्यात चिमूटभर मिठाबरोबर लसूण ठेचावी, पाच-दहा मिनिटं तशीच ठेवावी आणि मग नारळाच्या दुधात घालावी. आंबट सगळ्यात शेवटी. लसणीचाही एक तिखटपणा असतो, पण तो मिरचीसारखा जळत नाही. नाकाच्या दिशेने वर चढतो आणि लवकर ओसरतो. सोलकढीत दोन तिखटं असतात, ती अशी. लसूण आधी येऊन जाते, मिरची मागाहून येऊन रेंगाळते. दोन्ही एकदम आली असती तर पेयाचा ठेचा झाला असता.

कोकमाबद्दल लिहायला बसलं तर पानं अपुरी पडतील. रातांबा एप्रिल-मेमध्ये पिकतो. त्याच्या साली रसात बुडवून पुन:पुन्हा उन्हात वाळवल्या की आमसुलं होतात, आणि मिठात सुटलेला रस म्हणजे आगळ. आगळाने काम झटपट होतं, पण त्यात मीठ आधीच भरपूर असतं, तेव्हा चाखल्याशिवाय मिठाच्या डब्याला हात लावू नये. आमसुलं असतील तर आठ-दहा घेऊन अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घालावीत आणि कुस्करावीत. रंग त्यातूनच यायला हवा. तो रंग आंबटपणाला बांधलेला आहे: आंबट भरपूर असेल तर लालसर, कमी पडला की जांभळट, राखाडीकडे झुकणारा. सोलकढी गुलाबी दिसली म्हणजे आंबटाचं माप बसलं, असं डोळ्यांनीच कळतं. काही खानावळी बिटाच्या तुकड्याने ही खूणच पुसून टाकतात. बिटाचा मातकट वास लपत नाही तो नाहीच, शिवाय पेय आपल्याबद्दल जे खरं सांगत असतं तेही खोटं होतं.

आंबट आणि नारळाचं दूध यांचं फार वेळ पटत नाही. आंबटात नारळातली प्रथिनं गोळा व्हायला लागतात, त्यांनी धरून ठेवलेले तेलाचे थेंब सुटतात, वर दाट थर आणि खाली गुलाबी पाणी उरतं. गरम केली तर हेच काही मिनिटांत होतं. फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेल्या सोलकढीत पांढरे कण जिभेला लागतात, ते गोठलेलं खोबरेल. तेव्हा तासा-दोन तासांत प्यावी. आदल्या दिवशी करून ठेवायची सोय हवी असेल त्याने दूध आणि आगळ वेगवेगळं ठेवावं आणि पानं वाढल्यावर एकत्र करावं.

या पेयाला पाठभेद बरेच. कुणी वरून मोहरी-हिंगाची फोडणी देतं. फोडणीतली लसूण खमंग लागते, पण तिचा कच्चा झणका गेलेला असतो, आणि मग नुसत्या मिरचीवर सारा भार पडतो. भाताबरोबर कालवून खायला ही कढी चांगली. पेल्यातून प्यायला मी बिनफोडणीची घेईन. कुणी चमचाभर साखर घालतं. साखरेने मिरचीची धार बोथट होते, आणि मग मागाहून येणारं तिखट येतच नाही. वाद घालायची इच्छा नाही, पण नारळ ताजा असेल तर साखरेचं तिथे काही काम नाही.

सगळ्यात बोलका पाठभेद नारळ वगळलेला. कोकमाचं पाणी, ठेचलेली मिरची, लसूण नाहीतर हिंग, मीठ, कोथिंबीर. हिला कुठे फुटी कढी म्हणतात, कुठे तिवळ. जिन्नस जवळपास तेच, पण पिऊन बघा. मिरची पहिल्याच घोटात पुढे येते. तिला अडवायला, लपवायला कुणी नाही. जड जेवणानंतर वाटीभर घेतली की तोंड लख्ख होतं, आणि तेवढंच तिचं काम. पेलाभर रिचवायची ती चीज नव्हे. नारळाचं दूध सोलकढीत काय करतं हे कळायला याहून चांगला धडा नाही. आणि हीच ठेचलेली मिरची पाण्यात शोभते तेव्हा ती वाटीच्या मापात असते, हेही त्या उंच ग्लासवाल्यांनी पाहून ठेवावं.

देशावर नारळाची जागा ताक घेतं. लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा हे आपलं दुसरं थोर तिखट पेय, आणि त्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही, कारण शेजारी जिलबी असते. मठ्ठ्याचा वाहक दुहेरी आहे. लोण्याचा अंश आहेच, शिवाय दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला बिलगून त्याला जिभेवरून उचलून नेतं. मिरचीने तोंड पोळलं की पाण्यापेक्षा ताक बरं वाटतं ते याच कारणाने. म्हणून मठ्ठ्यात हात थोडा सैल सोडायला हरकत नाही: लिटरभर ताकाला इंचभर आलं, एक मोठी मिरची, मूठभर कोथिंबीर, चमचाभर जिरेपूड, चिमटीभर हिंग. मिरची इथेही थोड्या सायीच्या दह्याबरोबर वाटावी आणि मग बाकीच्या ताकात रवीने घुसळावी. सायीचं दही सोडून पाण्यासारखं पातळ ताक घेणारे आचारी मिरची तेवढीच ठेवतात, आणि मग पाहुणे पंगतीत शिंकतात.

पण मठ्ठ्यातला खरा नायक आलं. आल्याचा तिखटपणा मिरचीच्याच ग्राहीला हात लावतो, मात्र त्याचा स्वभाव वेगळा. तो पसरट असतो, छातीपर्यंत ऊब उतरवतो आणि निघूनही लवकर जातो. ताज्या आल्यातला जिंजेरॉल वाळताना काही अंशी शोगाओल होतो आणि तो अधिक जहाल असतो; सुंठ चिमटीने घालतात ती उगाच नव्हे. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी ताकात तिखट आणायचं तर आलं, सुंठ, मिरी आणि पिंपळी यांच्याकडेच जावं लागे. मिरचीला रजा देऊन एकदा नुसत्या आलं-मिरीचा मठ्ठा करून पाहावा. मिरी ऐन वेळी भरड कुटलेली हवी, कारण तिचा सुगंध कुटल्यावर फार काळ थांबत नाही. हे तिखट मिरचीपेक्षा प्रौढ वाटतं. आणि जिलबीचा घास घेतला की जिलबी अधिक गोड लागत नाही, मठ्ठा मात्र अधिक सुगंधी लागतो.

आलं-लिंबाचं सरबत सगळे करतात, तेव्हा त्याबद्दल एकच: आल्याचा पिळलेला रस दहा मिनिटं स्थिर ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो, तो पिठूळ असतो. वरचाच रस घ्यावा.

सोड्याचं मात्र भान हवं. सोडा स्वतःच चावतो. तो चावा बुडबुड्यांचा, असं वाटतं, पण बुडबुडे तयारच होणार नाहीत इतक्या दाबाखाली लोकांना सोडा पाजून पाहिला तरी चावा तसाच राहिला. तो आहे कार्बोनिक आम्लाचा. म्हणजे जलजिऱ्यात किंवा मसाला सोड्यात एक तिखट आधीच येऊन बसलेलं आहे. त्यावर मिरची ओतली की दोघं भांडतात. तिथे भाजलेलं जिरं, पुदिना, पादेलोण यांचं राज्य असू द्यावं. पुदिन्यातलं मेन्थॉल गारव्याची ग्राही जागी करतं, त्यामुळे चावा आणि गारवा समोरासमोर येतात आणि त्यातच मजा आहे. मसाला आधी लिंबाच्या रसात कालवून घ्यावा आणि सोडा पेल्याच्या कडेने सोडावा. कोरड्या मसाल्यावर ओतला तर अर्धा फेस टेबलावर.

बाजारात हल्ली सोलकढीची पावडर मिळते, बाटलीही मिळते. गुलाबी दिसते, आंबट लागते, तिखटही लागते. फक्त ते सगळं पहिल्याच घोटात एकदम लागतं. ज्या घरात नारळ पिळायला अर्धा तास नाही तिथे तिने भात ओला व्हायला हरकत नाही. पाहुणे यायचे असतील तर मात्र आगळ आणि नारळ आणावा, लसूण ठेचून ठेवावी, आणि कढी एकत्र करायचं काम ताटं मांडणाऱ्याकडे द्यावं. तोवर मासे तळून होतात.