पिकविकमधील जो आणि नार्कोलेप्सीचे निदान

डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) या कादंबरीतील जो हा लठ्ठ, तांबूस चेहऱ्याचा पोऱ्या वाढपाच्या वेळीही घोरतो. त्यास नार्कोलेप्सी होती, असे विधान अधूनमधून केले जाते. ते टिकणारे नाही.

१८८० मध्ये झेलिनो या फ्रेंच वैद्याने ही संज्ञा योजिली, ती पिंपांचा व्यापार करणाऱ्या एका ३८ वर्षांच्या रुग्णावरून. दिवसा वारंवार येणारी झोप ही त्याची एकच तक्रार नव्हती. मोठ्याने हसू आले की त्याचे पाय लटके पडत. पत्त्यांत डाव चांगला आला की हात हलेनासे होत. भावनेच्या भरात, शुद्ध न हरपता, स्नायूंचे बळ असे जाणे (कॅटाप्लेक्सी) ही या विकाराची सर्वांत विश्वसनीय खूण होय. पुढे मात्र ही संज्ञा ‘अनावर झोप’ एवढ्याच अर्थाने सैलपणे वापरली गेली.

त्याचा मासला कॅटनच्या १८८९ मधील टिपणात सापडतो. त्याचा लठ्ठ रुग्ण झोपला की श्वासमार्ग मिटे, छाती व पोट व्यर्थ धडपडत, चेहरा निळा पडे. वर्णन इतके अचूक, आणि मथळा ‘नार्कोलेप्सी’! त्या वेळी जोची आठवण निघाली, ती मात्र योग्य होती. दोघांचे दुखणे बहुधा श्वासाचेच.

१९५६ मध्ये बर्वेल व त्यांचे सहकारी यांनी अशाच एका स्थूल रुग्णाच्या व्याधीस पिकविकचे नाव दिले. पोकर खेळताना तीन एक्के व दोन राजे हाती असता त्यास झोप लागली होती. वरवर पाहता हा झेलिनोचाच प्रसंग. परंतु एकाचे हात पत्ते पाहून गळाले, दुसऱ्याच्या झोपेस पत्त्यांशी काही कर्तव्य नव्हते. जोही हसून कोलमडल्याचे डिकन्सने कोठे लिहिलेले नाही. उलट बागेतील प्रेमप्रसंग तो चांगला जागेपणी पाहतो.

हा सैलपणा आजच्या चाचणीतही शिरू शकतो. दिवसा घ्यावयास लावलेल्या डुलक्यांत सरासरी ८ मिनिटांत झोप लागली आणि निदान दोनदा स्वप्ननिद्रा लगोलग अवतरली, की कौल नार्कोलेप्सीकडे झुकतो. रात्रपाळीचा कामगार किंवा अपुरी झोप घेणारा विद्यार्थीही असा कौल मिळवू शकतो. श्वास कोंडणाऱ्यास केवळ जागे ठेवणारी औषधे दिली, तर मूळ दुखणे रात्री चालूच राहते. मेरुद्रवातील हायपोक्रेटिन अत्यल्प आढळणे हा पुरावा अधिक भक्कम होय. पण हसताना गुडघे लटके पडतात काय, हे विचारण्यास सुईही लागत नाही. कॅटाप्लेक्सीविरहित असा एक प्रकारही मानला जातो, आणि फेरचाचणीत निष्कर्ष बदलतो तो बहुधा तेथेच.