घळीचे देखणेपण

जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा चित्रपट पाहावा आणि त्याच जागी जाण्याची ओढ लागावी, असा विलक्षण अनुभव डॅनी बॉयल यांचा ‘१२७ अवर्स’ (२०१०) देतो. अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटी भागात ब्लूजॉन कॅन्यन नावाची अरुंद घळ आहे. अ‍ॅरन राल्स्टन हा तरुण गिर्यारोहक २६ एप्रिल २००३ रोजी तेथे एकटाच उतरला. निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला आणि सहाव्या दिवशी, बोथट सुरीने तो हात स्वतःच कापून, तो सुटला. कोठे जातो आहोत, हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते.

या चित्रपटातील निसर्ग नुसता पडद्यामागचा देखावा नाही, हे त्याचे पहिले यश होय. आरंभी लाल खडकांचा अफाट विस्तार डोळ्यांत मावत नाही. पुढे सारी चौकट खांद्याच्या रुंदीएवढी आक्रसते. नायक जिवाच्या आकांताने ओरडतो तेव्हा कॅमेरा घळीतून वर वर जातो आणि खाली केवळ निर्जन भूमी उरते. रोज सकाळी काही क्षण पायावर पडणारी उन्हाची तिरीप हीच त्याची श्रीमंती ठरते. ए. आर. रहमान यांचे संगीत आणि जेम्स फ्रँको यांचा अभिनय या एकान्ताला साथ देतात. येथे सौंदर्य आणि संकट वेगळे काढता येत नाही.

परंतु एका ठिकाणी दिग्दर्शकाचा तोल जातो, असे आम्हांस वाटते. वाटेत भेटलेल्या दोन तरुणींना नायक खडकाच्या फटीतून निळ्याशार डोहात उडी घ्यायला लावतो. प्रत्यक्षात असे काही घडले नव्हते. त्याने त्यांना खडक चढण्याच्या काही युक्त्या दाखवल्या, एवढेच. डोहाचे चित्रणही या घळीपासून फार दूर, मिडवे गावातील उष्ण झऱ्याच्या विवरात झाले. तहानेची कथा सांगणाऱ्या चित्रपटातील सर्वांत मोहक जागा त्या घळीत नाहीच! तेवढ्यापुरती कलाकृती मागे सरते आणि जाहिरात पुढे येते.

या प्रदेशाला ही विद्या नवी नाही. १९३८ मध्ये मॉन्युमेंट व्हॅलीतील व्यापारी हॅरी गोल्डिंग त्या भूमीची छायाचित्रे घेऊन हॉलिवूडला गेले. मंदीने गांजलेल्या नावाहो लोकांना काम मिळावे, हा त्यांचा हेतू होता. त्यातूनच जॉन फोर्ड यांचा ‘स्टेजकोच’ (१९३९) तेथे चित्रित झाला. पुढे १९४९ मध्ये मोआब गावाने चित्रपटवाल्यांच्या सोयीसाठी समितीच स्थापन केली. पडद्यावर दिसलेली भूमी पाहुणे आणते आणि पाहुण्यांमागून रोजगार येतो. याला नाक मुरडणे आम्हांस योग्य वाटत नाही.

म्हणूनच हा प्रश्न आपल्या जैनाबादच्याही दाराशी येतो. १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात मुमताजमहलचे निधन झाले. डिसेंबरात आग्र्याला नेईपर्यंत तिचा देह तापीच्या या काठावर, जैनाबादच्या बागेत विसावला होता. चित्रपटांना नाव मात्र ताजमहालाचे मिळते. आहुखान्याकडे कॅमेरा यावा, असे कोणा जैनाबादकराला वाटणार नाही? पलीकडच्या काठाचा कुंडी भंडाराही असाच उपेक्षित आहे. जमिनीखालचे अरुंद बोगदे, वरून झिरपणारा उजेड आणि १६१५ पासून शहराला पाणी पुरवण्यासाठी केलेली ती योजना, यांत एखाद्या समर्थ दिग्दर्शकाला तहानेची आणि सुटकेची कथा सहज सापडेल.

मात्र आपण कोणता चित्रपट मागतो, याचा विचार आधी व्हावा. प्रेमगीतापुरती पडकी कमान हवी असेल, तर ती कोठेही सापडेल. शिवाय नुसत्या डोहाच्या ओढीने येणारा पाहुणा डोह न दिसताच परतेल. आहुखान्यातील सहा महिन्यांचा शोक, ती उतरती कळा, तापीचे पात्र यांवाचून जी कथा उभीच राहणार नाही, अशी कथा आपण मागावी. ‘१२७ अवर्स’च्या अखेरीस कळते की राल्स्टन आता कोठेही निघताना ठावठिकाणा लिहून ठेवतो. आपल्या गावाचा ठावठिकाणाही असाच नीट लिहून ठेवण्याचे काम कॅमेऱ्याच्या आधी आपले, या वार्तापत्राच्या वाचकांचे आहे.