छायाचित्र आणि गोधडी

पिट्सबर्गचे चार्ल्स 'टीनी' हॅरिस ह्यांनीं कित्येक वर्षें आपल्या कृष्णवर्णीय वस्तीचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांच्या सुमारें ८०,००० निगेटिव्हांचा संग्रह २००१ सालीं तेथील कार्नेगी कलासंग्रहालयाकडे आला. पुष्कळ चित्रांवर ना नांव, ना तारीख! संग्रहालयाला शहरांतील वृद्धांनाच 'हा कोण, ही कोण' म्हणून विचारीत बसावें लागलें.

त्यांतील १९४७ सालच्या एका चित्रांत शाळकरी मुलांचा घोळका उभा आहे, आणि त्यांच्यापुढें एक मुलगा दोन्ही हात पसरून त्यांना अडवून धरीत आहे. ह्यावरूनच बिसा बटलर ह्या अमेरिकन कलावतीनें २०१८ सालीं 'द सेफ्टी पॅट्रोल' ही गोधडी शिवली. गोधडी हा शब्द मी मुद्दाम योजितों. पांघरूण हलकें आणि चित्र श्रेष्ठ, असा भेद मानणाऱ्या रसिकांनीं ही कृति अवश्य पाहावी. बटलरबाईंनीं शिक्षण घेतलें तें चित्रकलेचें. पण कुंचल्याचें काम त्या कात्रीनें करितात. तुकड्यांवर तुकडे रचून शिवलेले चेहरे जांभळे, निळे, हिरवे दिसतात, आणि तरीहि ते मुखवटे वाटत नाहींत. कापडहि बोलकें. पश्चिम आफ्रिकेंत रूढ असलेलें मेणछापी कापड त्या पुष्कळ वापरतात. (तें मुळांत जावाच्या बाटिकची डच नक्कल, हा इतिहासाचा एक विनोदच!) तेथील लोक ह्या नक्ष्यांना नांवें आणि अर्थ देतात; उडत्या पाकोळीची नक्षी म्हणजे पैसा उडून जातो ही जाणीव.

एक आक्षेप मात्र घ्यावासा वाटतो. निगेटिव्हमध्यें नसलेला रंग बटलरबाई परत आणीत नाहींत, स्वतःचा देतात. त्या वैभवांत प्रत्येक मूल सणाला निघाल्यासारखें दिसतें. शाळेच्या रोजच्या कपड्यांचा साधेपणा हरवतो, आणि त्याबरोबर हॅरिस ह्यांच्या चित्राचा थोडासा खरेपणाहि. अनामिकाला मान द्यावयाचा, तर त्याला राजवस्त्रेंच कां नेसवावीं?

परंतु हा आक्षेप त्या पसरलेल्या हातांपाशीं अडतो. छायाचित्रांत तळवा नखाएवढा होता. येथें मुलें जवळजवळ खऱ्या उंचीचीं आहेत. त्यांच्यासमोर आपण उभे आहों अशी कल्पना केली कीं ध्यानांत येतें, मोटारी ज्या बाजूनें यावयाच्या त्याच बाजूला आपण आहों. तो मुलगा मागच्यांना थांबवितो आहे तें आपल्यापासून. हॅरिस ह्यांच्या कॅमेऱ्याची जागाहि तीच होती. नुसतें छायाचित्र पाहतांना तें मला सुचलें नव्हतें.